कूटचा वेढा आणि आमचे पणजोबा: बहादुरीचा कागद कधी आलाच नाही

जोंधळा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मागच्या पावसाळ्यात आजी गेली आणि तिच्याबरोबर ही गोष्ट सांगणारं शेवटचं माणूस गेलं, म्हणून आता लिहून ठेवतोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. महिना ११ रुपये पगार. गावात त्यांना सगळे 'बसरेवाले' म्हणायचे, कारण मुंबईहून बोटीनं बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, गेले आणि तिथून पुढं बगदादच्या वाटेवर लढत गेले. कूट हे त्याच वाटेवरचं नदीकाठचं गाव. आजी ही त्यांची सून. लग्न होऊन आल्यावर दहाएक वर्षं तिनं त्यांना पाहिलं, त्यांचं जेवणखाण केलं. ते बाहेर कुणाशी युद्धाचं बोलत नसत, पण रात्री ओसरीवर बसले की कधीमधी तिला सांगायचे. तिनं आम्हाला सांगितलं ते असं:

"मामंजी कूटच्या वेढ्यात होते. थंडीचे दिवस. तुर्कांनी सकाळपासनं तोफा मारल्या आणि कोटाची भिंत पडली. त्या भगदाडातनं ते आत शिरायला बघत होते. रात्रभर मारामारी चालली. मामंजींचा जोडीदार भिंतीच्या भायेर जखमी होऊन पडला होता, पाणी पाणी करत होता. मामंजी सरपटत गेले आणि त्याला पाठीवर घेऊन आले. परत गेले आणि दुसऱ्याला आणला. तिसऱ्या खेपेला त्यांच्याच मांडीत गोळी बसली. सकाळी गोरा साहेब आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुझं नाव वर पाठवतो."

नाव वर गेलं की नाही ते देवाला ठाऊक. पुढं अन्न संपलं, पलटण शरण गेली, पणजोबा तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातून चालत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं. बरोबरचे निम्मे वाटेत मेले असं ते म्हणायचे. युद्ध संपल्यावर परत आले तेव्हा घरच्यांनी त्यांचं सगळं उरकून टाकलेलं होतं. पणजी कुंकू पुसून बसलेली.

वेढ्यात शेवटी शेवटी घोड्याचं मांस खावं लागलं. त्याचं त्यांच्या मनाला इतकं लागलं होतं की परत आल्यावर आधी पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत अंघोळ केली आणि मगच चुलीपाशी जेवायला बसले. हेही आजीनंच सांगितलेलं.

साहेबानं कबूल केलेल्या कागदाची वाट त्यांनी मरेपर्यंत पाहिली. पोस्टमन आला की उठून बसायचे म्हणे. त्यांना जमीन, पेन्शन यातलं काही नको होतं. "साहेब बोलला होता" एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

घरात त्यांचा एक बिल्ला आहे, पितळेसारखा, त्यावर पंख असलेली बाई. आम्ही लहानपणी 'परीचा बिल्ला' म्हणायचो. दुसरा चांदीचा होता, तो आजोबांनी ७२ च्या दुष्काळात सोनाराला दिला. गावात काही जण आमच्या घराला 'व्हिक्टोरिया मिळालेलं घर' म्हणतात, पण तसं असतं तर कागद असता ना?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांनी केलं ते कुठं नोंदलं गेलं असेल का? आणि ते नक्की कुठल्या पलटणीत होते हे शंभर वर्षांनी कसं शोधायचं? घरात कुणी ११७ म्हणतं, कुणी ११०.

---

ओसरी

वाचून गलबलून आलं. आजीचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं का हो?

---

जोंधळा

एकदाच, मोबाइलवर, सात-आठ मिनिटं. वरचे शब्द त्यातलेच आहेत.

---

कागदपत्री

दादा, आधी बिल्ल्याचं सांगतो. ऐकून थोडं वाईट वाटेल.

पंख असलेली बाई म्हणजे व्हिक्टरी मेडल. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, त्याच्याशी याचा संबंध नाही. नावातल्या सारखेपणानं गावोगाव हा घोळ झालेला आहे, मी स्वतः अशी चार घरं पाहिली आहेत. युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या जवळपास प्रत्येकाला ते मिळालं. फीत इंद्रधनुष्यासारखी असते, तुमच्याकडं उरली आहे का बघा. चांदीचा गेला तो ब्रिटिश वॉर मेडल असणार: एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. ती दोन्ही सेवेची पदकं. शौर्याचं पदक वेगळं.

पण आता चांगली बातमी. या पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथं खाचा असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. लोक चित्र बघतात आणि कड बघतच नाहीत. बिल्ला आडवा धरा, एका बाजूनं तिरका उजेड पाडा आणि भिंगातून वाचा. चिंच लावून घासू नका! घासून घासूनच ही अक्षरं जातात. पातळ कागद कडेवर गुंडाळून त्यावर पेन्सिलीचं शिसं हलक्या हातानं फिरवलं तरी अक्षरं उमटतात.

---

निवृत्त_हवालदार

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. नाव वर पाठवणं म्हणजे काय, ते सांगतो.

पदक शौर्याला मिळतं हे खरं, पण मधे कागद असतो. ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं, कंपनी कमांडरनं लिहायचं, सीओनं (पलटणीच्या प्रमुखानं) सही करायची, मग ब्रिगेड, मग डिव्हिजन, मग त्याच्याही वर. या साखळीतला एक माणूस मेला, पकडला गेला किंवा बदलून गेला की कागद तिथंच थांबतो. पाहणारा कुणी जिवंत उरलाच नाही तर कागद सुरूच होत नाही. सगळ्यात अवघड लढाईत साक्षीदार सगळ्यात कमी उरतात, ही या पद्धतीतली मोठी उणीव आहे. मी स्वतः सायटेशन, म्हणजे पदकासाठीची शिफारसपत्रं, लिहिताना पाहिली आहेत. दोन जवानांनी सारखंच काम केलेलं असतं, पण एकाचा सेक्शन कमांडर नीट बोलणारा असतो आणि दुसऱ्याचा त्याच लढाईत गेलेला असतो.

आपल्या हवाई दलाच्या स्क्वाड्रन लीडर देवय्यांचं उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावर हल्ला करायला आपली मिस्टेअर विमानं गेली. देवय्या राखीव होते, ऐन वेळी सामील झाले. परतताना त्यांची गाठ पडली पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरशी. ते त्या काळच्या सगळ्यात वेगवान विमानांपैकी एक, आणि मिस्टेअर त्याच्यापुढं जुनं झालेलं. देवय्यांनी ते पाडलं आणि स्वतः परत आले नाहीत. आपल्या बाजूनं ती झुंज पाहणारं कुणीच नव्हतं, म्हणून नोंद एवढीच झाली की बेपत्ता. पाकिस्तानच्या बाजूची माहिती घेऊन एका इंग्रज लेखकानं १९७९ मध्ये लिहिलं तेव्हा आपल्याला कळलं की ते विमान देवय्यांनी पाडलं होतं. महावीरचक्र १९८८ मध्ये दिलं. २३ वर्षांनी! आणि ते झालं कारण शत्रूनं साक्ष दिली.

लडाखमधली चीनविरुद्धची रेझांग लाची लढाई तर सगळ्यांना माहीत आहे. १८ नोव्हेंबर १९६२. १३ कुमाऊंची एक कंपनी, शंभराहून जास्त जवान गेले. जे मोजके परत आले त्यांनी सांगितलं की शेवटच्या गोळीपर्यंत लढलो, तर त्यांच्यावर विश्वास बसेना. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात मृतदेह सापडले, हत्यार हातात धरूनच गोठलेले. तेव्हा त्या जिवंत माणसांचं बोलणं खरं मानलं गेलं. मधले तीन महिने त्यांनी कसे काढले असतील?

तुमच्या पणजोबांचं नाव साहेबानं लिहिलंही असेल. पण पलटण वेढ्यात आणि वेढ्यानंतर सगळे कैदेत, साहेबसुद्धा. कैदेतून सुटल्यावर काही अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांची नावं दिली आणि थोड्यांना पदकं मिळालीही. राहिलेल्यांचं ते साहेबाबरोबरच गेलं.

---

चिंचेची_सावली

मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय, राग मानू नका. हे युद्ध आपलं नव्हतं. आपली माणसं इंग्रजांसाठी तुर्कांशी लढली, त्या तुर्कांनी आपलं काही बिघडवलं नव्हतं. मग इंग्रजांच्या राजाचा बिल्ला मिळाला नाही याचं दुःख आपण का करायचं? त्या पदकानं ते जास्त शूर झाले असते का?

---

जोंधळा

राग नाही. हा प्रश्न मलाही पडतो. युद्ध इंग्रजांचं होतं हे अगदी मान्य. पणजोबा राजासाठी गेले नव्हते. घरात सहा एकर कोरडवाहू आणि चार भाऊ होते, म्हणून गेले.

पण भिंतीबाहेर जो पडला होता तो कुणा राजाचा नव्हता. तो शेजारच्या गावचा होता. आजी सांगायची, त्याचे घरचे पुढं कितीतरी वर्षं दर दिवाळीला आमच्याकडं करंज्या पाठवायचे. पणजोबांना पदक हवं होतं असं मला वाटत नाही. एका माणसानं शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही, एवढं त्यांना डाचत राहिलं. त्यांना ते कुणी कधी सांगितलंच नाही की बाबा, तुझा कागद का आला नाही.

---

थेम्सकाठ

मी लंडनला राहतो आणि सुटीच्या दिवशी क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, जाऊन बसायची सवय आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या पलटणींच्या रोजच्या नोंदींच्या डायऱ्या तिथं आहेत. पण अपेक्षा ठेवून सांगू नका घरच्यांना. डायरी लिहायचा अधिकारी. अधिकाऱ्यांची नावं येतात, सुभेदार-जमादारांची कधी कधी येतात, आणि शिपाई येतो तो आकड्यात: आज इतके ठार, इतके जखमी.

चिंचेची_सावली यांच्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं वेगळं आहे. इंग्रजांनी त्याच वेढ्यात कुणाला काय दिलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

ज्या सैन्यानं कूटमध्ये वेढा सोसला ती सहावी डिव्हिजन. तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड यानं त्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या उंबऱ्यावर, टेसिफॉनपर्यंत नेलं. तिथं साडेचार हजारांवर माणसं ठार-जखमी झाली आणि उरलेले मागं फिरून कूटमध्ये आले. ७ डिसेंबरला वेढा पडला. तो १४७ दिवस चालला, २९ एप्रिल १९१६ पर्यंत. सोडवायला आलेल्या फौजेचेच २३ हजारांच्या आसपास ठार-जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. तुर्कांना लाखो पौंड देऊ केले, त्यांनी नाकारले. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेनं परवानगी मागवली, तरी बहुतेकांनी अगदी एप्रिल येईपर्यंत तोंड लावलं नाही. हिरवं काही मिळेना, म्हणून स्कर्व्ही हा रोग झाला. शेतातला पाला भाजी म्हणून शिजवून खाल्ला. तुमच्या पणजोबांचं पंढरपूरला जाणं यात किती बसतं बघा.

२४ एप्रिलला 'जुलनार' नावाची बोट २७० टन अन्न घेऊन अंधारात नदीतून निघाली आणि पकडली गेली. तिच्यावरच्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. टाउनशेंड कैदेत गेले ते इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात राहिले आणि कैदेत असतानाच 'सर' झाले. त्यांचे शिपाई त्या वेळी मोसूलच्या पुढं रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेचे रूळ टाकत होते आणि हजारोंनी मरत होते.

हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस देता येईल असं १९११ मध्येच ठरलं होतं. पहिल्या महायुद्धात ११ जणांना तो मिळाला. कूट सोडवायला आलेल्या फौजेतल्या तीन हिंदी सैनिकांनाही मिळाला. त्या ११ नावांत एकही मराठा पलटणीतलं नाही. मराठ्यांना पहिला मिळायला दुसरं महायुद्ध आणि इटली उजाडली.

आता शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, १९२९ चं. चाळीस हजारांहून जास्त मृतांसाठी बांधलेलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय, हिंदी अधिकाऱ्याचं नाव कोरलंय. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्येनं: आणि इतर इतके हिंदी सैनिक. पदक सोडा, मेलेल्याचं नावसुद्धा दगडावर आलं नाही. २०२१ मध्ये या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या चौकशीनं हा भेदभाव मान्य केला आणि ब्रिटिश संसदेत माफी मागितली गेली.

म्हणून मला दुःख होतं. बिल्ला राजाचा असेल, पण मोजायचं कुणाला आणि नाव घ्यायचं कुणाचं हे राजानं ठरवलं आणि आपणही पुढं तेच चालू ठेवलं.

---

चिंचेची_सावली

हे बसऱ्याच्या दगडाचं मला माहीत नव्हतं. माझा प्रश्न मागं घेते.

---

काळीआई

मागं घेऊ नका ताई, प्रश्न बरोबरच होता.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खेडच्या बाजूला. तिथं शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धावर इतके लोक गेले, पैकी इतके मेले. सरकारनं तेव्हा गावोगाव अशा पाट्या बसवल्या. आमच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांच्या गावातही आहे आणि अपशिंगे मिलिटरीत तर स्मारकच आहे. पण आमच्या पाटीवर नाव एकाचंही नाही. आकडाच. माझी आई शाळेत असताना त्या पाटीला हळदकुंकू वाहणारी एक म्हातारी यायची रोज. तिचा नवरा त्या आकड्यात होता.

जोंधळा, तुमच्या गावात पाटी आहे का?

---

जोंधळा

आज सकाळी बिल्ल्याची कड वाचली. कागदपत्री दादा, तुमचे पाय धरावेसे वाटतात. फीत कुजलीय, पण कडेवर अक्षरं आहेत. नंबर अर्धा घासलाय, नाव इंग्रजीत भलत्याच स्पेलिंगनं, पण पणजोबांचंच. हुद्दा शिपाई. आणि पलटण १०३. ना ११७, ना ११०. घरातले सगळे चूक!

चुलत्यांना फोन केला तर ते म्हणाले, "१०३ म्हणजे कुठली रे, अशी पलटण आता आहे का?" मला सांगता येईना.

---

निवृत्त_हवालदार

आहे का म्हणून काय विचारता! १०३ म्हणजे आजची पहिली मराठा. जंगी पलटण. १७६८ सालची. डिसेंबर ७१ मध्ये बांगलादेशात जमालपूरला लढली ती हीच.

आता तुमची पहिली पोस्ट मी पुन्हा काढून वाचली, आणि आजींचं एक वाक्य वाचून जागेवरून उठलो. त्या म्हणाल्या, "कोटाची भिंत पडली." तुम्ही, आम्ही, सगळ्यांनी 'कोट' हा 'कूट'चाच खेडवळ उच्चार धरला. पण त्याच बोलण्यात त्या आधी "कूटच्या वेढ्यात" असं स्वच्छ म्हणाल्या आहेत. त्यांना दोन्ही शब्द माहीत होते. कोट म्हणजे कोट. किल्ला!

कूट तैग्रिस नदीच्या वळणात आहे, तीन बाजूंनी पाणी. उघड्या उत्तरेकडच्या बाजूला खंदकांची रांग होती आणि तिच्या पूर्वेकडच्या टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता. २४ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी तोफांनी त्याच्या भिंती पाडल्या आणि भगदाडातून दिवसा एकदा आणि रात्री पुन्हा हल्ला केला. संगीन आणि हातबॉम्बनं लढाई झाली. किल्ला पडला असता तर कूट चार महिने आधीच गेलं असतं. आणि त्या किल्ल्यात कोण होतं? ऑक्सफर्डशायरचे गोरे, ११९ वी पलटण, आणि १०३ मराठा.

थंडीचे दिवस, सकाळपासून तोफा, पडलेली भिंत, भगदाड, रात्रभर मारामारी. तुमच्या आजीनं शाळेचं तोंड पाहिलं नसेल, पण शंभर वर्षं जुनी तारीख आणि जागा तिनं एक अक्षर न चुकता सांभाळली होती. आता कुणी म्हणालं की घरातली गोष्ट आहे, पुरावा काय, तर सांगा की पलटण, दिवस आणि भिंत तिन्ही जुळतात.

कागद नाही मिळणार, हे मी आधीच सांगितलंय. पण बेळगावला आपल्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. पदकाच्या कडेचा फोटो आणि आजींच्या रेकॉर्डिंगची नक्कल जोडा. पत्राचा मसुदा मी करून देतो.

---

थेम्सकाठ

हवालदारसाहेब, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. मी पुढच्या शनिवारी क्यूला जातोय. २४ डिसेंबरचं पान निघालं तर काढतो. शिपायाचं नाव नसेलच, पण त्या रात्री १०३ चे किती गेले ते तरी कळेल.

आणि जोंधळा, तुमचे पणजोबा परतले म्हणून ते बसऱ्याच्या यादीत नसणार. पण करंज्यांच्या घरातल्या माणसाचं काय झालं? तो कैदेतून परतला का? बसऱ्याच्या स्मारकाची नावं आता कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, दगडावर नसलेली हिंदी शिपायांची नावंही. त्यात नाव, पलटण, कधी कधी बापाचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी करून पाहा. पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयातल्या वह्यांमधून काढून लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. सातारा-रत्नागिरीसाठी असं काम उभं राहायला पाहिजे, आणि त्यासाठी माझे शनिवार मोकळे आहेत.

---

जोंधळा

काल रात्रभर शोधत होतो. सापडला.

ज्याला पणजोबांनी पाठीवरून आणलं, तो परत आला नाही. बसऱ्याच्या यादीत आहे. पलटण १०३, शिपाई, बापाचं नाव बरोबर, गाव आमच्या शेजारचं. मृत्यू वेढा संपल्यानंतरचा, म्हणजे कैदेतला. करंज्या पाठवायची ती त्याची आई होती, आणि तिच्यानंतर त्याची भावजय. मुलगा चार महिने जास्त जगला म्हणून.

आज त्यांच्या घरी जाऊन आलो. तिथं आता त्याच्या पुतण्याचा नातू राहतो, माझ्याच वयाचा. त्यांच्याकडं कुणी लढाईत गेला होता एवढंच ठाऊक होतं, नाव विसरलं होतं. मी मोबाइलवर नाव दाखवलं तर त्यानं घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. मी दोनदा वाचलं.

काळीआई, आमच्या गावच्या पाटीबद्दल विचारलंत. आहे. चावडीच्या भिंतीत. पण तिच्यावर कधीतरी कुणीतरी निळा ऑइलपेंट मारलाय, दोन-तीन थर तरी असतील, त्यामुळे काहीच वाचता येत नाही. शेजारच्या गावचा तो पोरगा आणि मी रविवारी बसणार आहोत. हवालदारकाका, पत्राचा मसुदा नक्की पाठवा. आणि पेंट कसा काढायचा ते कुणी सांगेल का? सँडपेपर चालेल?

---

कागदपत्री

सँडपेपर अजिबात नको! तारेचा ब्रशही नको, अक्षरांच्या कडा जातील. पेंट रिमूव्हर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी एका कोपऱ्यात लावून बघा, थर फुगला की लाकडी पट्टीनं हलकेच उचला, खाचांमध्ये बांबूची काडी वापरा. ॲसिड लावू नका, संगमरवर असेल तर खाईल. हातमोजे घाला. आणि पेंट काढायच्या आधीचा एक फोटो घेऊन ठेवा.

मी कराडला असतो. रविवारी किती वाजता बसताय? काड्या घेऊन येतो.